चौतीस घरांचा तक्ता : प्रस्तावना

कोळवण या शब्दात अक्षरे किती? शाळेतले कोणतेही मूल बोटांवर मोजून चार सांगेल: को, ळ, व, ण. हाच प्रश्न पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला विचारला की उत्तर पाच येते. जावा आणि जावास्क्रिप्टही पाचच म्हणतात. सी, गो आणि रस्ट पंधरा मोजतात. स्विफ्ट आणि एलिक्सिर मात्र शाळेतल्या मुलाच्या बाजूने उभ्या राहतात आणि चार सांगतात. यांपैकी कोणाचेही उत्तर चुकलेले नाही. चार ही वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरे. पाच हे युनिकोडने दिलेले क्रमांक, कारण क ला एक आणि त्याच्या ओकाराला दुसरा क्रमांक आहे. पंधरा हे बाइट, कारण यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक क्रमांक साठवायला तीन बाइट लागतात.

ही पुस्तिका या मतभेदातून जन्माला आली. एक छोटी कूटलिपी घ्यायची, तिचा नियम मराठी वर्णमालेवर बसवायचा आणि तोच नियम एकामागून एक वेगवेगळ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत लिहायचा, एवढेच तिचे काम. हा सराव जगभर केला जातो. नवी भाषा शिकताना अनेकजण सीझरची लिपी, म्हणजे प्रत्येक अक्षर ठरावीक घरे पुढे सरकवणारी, लिहून पाहतात. पण तो बहुतेक वेळा रोमन लिपीच्या सव्वीस अक्षरांवर होतो. त्या अक्षरांना मात्रा नाही, हलन्त नाही, जोडाक्षर नाही. एक अक्षर, एक क्रमांक, एक बाइट असा सरळ हिशेब तिथे चालतो आणि त्यामुळे भाषाभाषांमधला खरा फरक झाकलेलाच राहतो. देवनागरी आणली की तो फरक पहिल्याच ओळीत उघडा पडतो. म्हणून माझे ठाम मत आहे की मराठी मुलांनी हा सराव मराठीतच करावा. त्यात भाषाप्रेम आहेच. पण मुख्य कारण हे की तो सराव अधिक कठीण आहे आणि अधिक शिकवतो.

कोळवण हे मुळशी तालुक्यातले गाव, पौडच्या पुढे, हाडशी आणि तिकोन्याच्या वाटेवरचे. याच तालुक्यात हिंजवडी आहे, राजीव गांधी इन्फोटेक पार्क आहे. तिथे रोज लाखो ओळींचे प्रोग्रॅम लिहिले आणि तपासले जातात. कोळवणच्या खोऱ्यातली मुले पुढे त्याच कामाला जातील, काही आत्ताच जात आहेत. त्यांच्या हातात पहिला धडा येतो तेव्हा त्यात त्यांच्या गावाचे नाव लिहिताही येत नाही, कारण धड्यातल्या वर्णमालेत ळ नसतो. देवनागरीसाठी तयार मिळणाऱ्या अनेक तक्त्यांतही व्यंजने तेहेतीसच असतात; ते तक्ते हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले असतात. त्या तक्त्यावर कोळवण चालवले तर क, व आणि ण बदलतात, ळ मात्र जसाच्या तसा उघडा राहतो. मुळशी, मावळ, कोळवण ही नावे ज्या भागातली आहेत तिथे ळ उघडा राहणे म्हणजे निम्मे गुपित फुटणे. म्हणून या पुस्तिकेचा तक्ता चौतीस घरांचा आहे: क पासून म पर्यंत पंचवीस, मग य र ल व श ष स ह आणि शेवटी ळ.

नियम असा. प्रत्येक व्यंजन तक्त्यात सतरा घरे पुढे न्यायचे, तक्ता संपला की पुन्हा क पासून सुरुवात करायची, मात्रा जिथल्या तिथे ठेवायच्या. क चा द होतो, ळ चा थ, व चा ठ, ण चा स. कोळवण लिहिले की दोथठस मिळते. मुळशीचे जुथडी होते, पौडचे घौश. चौतिसाचा निम्मा सतरा असल्यामुळे तीच क्रिया दुसऱ्यांदा केली की मूळ शब्द परत येतो. बंद करायला आणि उघडायला एकच प्रोग्रॅम पुरतो. रोमन लिपीत तेरा घरे सरकवण्याची जी पद्धत रूढ आहे तिचे हे मराठी रूप म्हणता येईल.

आपल्याकडे या खेळाची परंपरा मोठी आहे आणि तिची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. शाळेच्या पटांगणात च ची भाषा बोललेली मुले महाराष्ट्रभर सापडतील. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी च बसवायचा आणि उचललेले अक्षर शेवटी न्यायचे. कोळवणचे चळवणको होते. मात्रा च ला द्यायची की अक्षराबरोबर न्यायची हे टोळीटोळीनुसार बदलते. हा नियम प्रोग्रॅममध्ये लिहायला घेतला की पहिलाच प्रश्न येतो तो ‘पहिले अक्षर’ म्हणजे काय हा. पायथनला पहिले अक्षर मागितले तर तो नुसता क काढून देतो आणि ओकार मागे लोंबकळत राहतो. ज्या मुलाने ही भाषा तोंडाने अस्खलित बोललेली आहे त्याला ही अडचण समजावून सांगावी लागत नाही.

वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांच्या यादीत म्लेच्छितविकल्प ही कला आहे. त्यावरच्या जयमंगला टीकेत यशोधराने कौटिलीय आणि मूलदेवीय अशा पद्धती दिल्या आहेत. मूलदेवीय पद्धतीत वर्णांच्या जोड्या ठरलेल्या असतात: अ आणि क, ख आणि ग, च आणि ट, त आणि प, न आणि म, य आणि श, र आणि ष, ल आणि स, अशा. जोडीतला एक आला की दुसरा लिहायचा. इथेही एकच क्रिया दोनदा केली की मूळ मजकूर परत मिळतो. संगणकाच्या दृष्टीने ही पद्धत आमच्या नियमापेक्षा वेगळी आहे, कारण तिथे मोजणी नाही, जोड्यांची नुसती यादी आहे. पायथनमध्ये ती एका कोशात बसते. क आणि अ ही जोडी मात्र नीट विचार करायला लावते, कारण एक व्यंजन आहे आणि दुसरा स्वर. को आला तर त्याचा ओ करावा लागतो, आणि तेवढ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.

करपल्लवी मला याहून सुंदर वाटते. त्यात आधी हाताच्या मुद्रेने वर्ग दाखवायचा: सापाचा फणा म्हणजे स्वर, कमळ म्हणजे क-वर्ग, चक्र म्हणजे च-वर्ग. मग बोटांनी त्या वर्गातले कितवे अक्षर ते सांगायचे, आणि पुन्हा बोटांनी मात्रा. एका अक्षराचे दोन आकडे करण्याची ही रीत ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पाच बाय पाचच्या चौकटीसारखीच आहे. रोमन लिपीत ती चौकट बसवण्यासाठी सव्वीसपैकी दोन अक्षरे एका घरात कोंबावी लागतात. आपली वर्गीय व्यंजने मुळातच पाच ओळी आणि पाच रकाने यांत मांडलेली आहेत. क म्हणजे पहिली ओळ पहिला रकाना, ण म्हणजे तिसरी ओळ पाचवा रकाना. पाचाने भागून भागाकार आणि बाकी घेतली की झाले. उच्चारस्थानांवरून केलेली ही मांडणी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आयती मिळते, आणि ती मिळत असताना रोमन चौकट पाठ करणे मला पटत नाही.

मराठीतला सर्वांत मोठा दाखला महानुभाव पंथाचा. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या शिष्यपरंपरेने मराठीत विपुल गद्य लिहिले. म्हाइंभटांनी रिद्धपूरला सिद्ध केलेले लीळाचरित्र त्यातले अग्रणी. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी, अंकलिपी, शून्यलिपी, वज्रलिपी अशी त्यांची नावे आहेत. सकळ लिपीचे श्रेय रवळोबासांना दिले जाते आणि तीच सर्वांत जास्त चालली. तिचे तत्त्व साधे होते: एका वर्णाच्या जागी ठरलेला दुसरा वर्ण किंवा खूण. तत्त्व इतके साधे असूनही पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय कित्येक शतके वाचता आले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली आणि वि. ल. भावे यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’मधून या वाङ्मयाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. मराठी गद्याचा इतिहास त्यानंतर नव्याने मांडावा लागला.

यातून प्रोग्रॅमरने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. सकळ लिपी इतका काळ टिकली ती तिच्या बळामुळे नव्हे. पोथ्या थोड्या हातांत होत्या, त्या हातांबाहेर किल्ली जात नव्हती आणि बाहेरच्या कोणी चिकाटीने बसून वर्णांची मोजदाद केलेली नव्हती. तशी मोजदाद करण्याची रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवली होती: कोणता वर्ण किती वेळा येतो ते मोजा आणि त्या भाषेत नेहमी जास्त येणाऱ्या वर्णांशी ताडून पाहा. एकास एक अदलाबदल करणारी कोणतीही लिपी या मोजणीपुढे उभी राहत नाही.

सांकेतिक शब्द आणि कूटलिपी यांत गल्लत होते, म्हणून आणखी एक प्रसंग सांगतो. जानेवारी १७६१ मध्ये पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना प्रथम एका सावकारी पत्रातून कळली. त्यात दोन मोती गळाल्याचे, सत्तावीस मोहोरा हरवल्याचे आणि रुपये-खुर्द्याची मोजदाद नसल्याचे लिहिले होते. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. तिथे अक्षर एकही बदललेले नाही. अर्थ बदललेला आहे. असे पत्र कोणत्याही नियमाने उलगडता येत नाही, कारण मोती म्हणजे कोण हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यालाच ठाऊक असते. या पुस्तिकेत त्या प्रकाराला हात लावलेला नाही. इथे फक्त नियमाने चालणाऱ्या लिप्या आहेत, कारण प्रोग्रॅमला नियम लागतो.

आता भाषांकडे. नवशिका मनुष्य सगळ्यात आधी सुचणारा मार्ग धरतो: तक्ता वगैरे नको, अक्षराच्या क्रमांकात तीन मिळवा. युनिकोडमध्ये क चा क्रमांक २३२५ आहे, घ चा २३२८. क चा घ होतो आणि वाटते की जमले. मग ओकाराच्या मात्रेतही तीन मिळवले जातात. २३७९ चे २३८२ होतात आणि तिथे पृष्ठमात्रा बसलेली आहे, म्हणजे जुन्या पोथ्यांत अक्षराच्या मागे काढली जाणारी उभी मात्रा. ह चा क्रमांक २३६१. त्यात तीन मिळवले की नुक्ता येतो आणि तो आधीच्या अक्षराच्या खाली जाऊन चिकटतो. सेनापती बापटांनी १९२१ मध्ये ज्या लढ्याचे नेतृत्व केले त्या मुळशी सत्याग्रहाच्या नावातला सत्य हा शब्द असाच चालवून पाहा. त चा ध होतो, य चा ल होतो, आणि मधला हलन्त २३८१ वरून २३८४ वर जातो, जिथे ॐ आहे. धॐल असे काहीतरी पडद्यावर उमटते. स ची तर काश्मिरीसाठी ठेवलेली एक मात्रा होते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की क्रमांकांचा क्रम आणि वर्णमालेचा क्रम एक नसतो हे कायमचे ठसते.

हा क्रम असा का, याचेही कारण जाणून घेण्यासारखे आहे. युनिकोडने भारतीय लिप्यांची मांडणी इस्की या भारतीय मानकावरून घेतली, आणि सगळ्या भारतीय लिप्यांतले समान वर्ण समान जागी यावेत अशी त्यात योजना होती. म्हणून क पासून ह पर्यंत चौतीस नव्हे, सदतीस जागा आहेत. न नंतर ऩ आहे, र नंतर ऱ आहे, ळ नंतर ऴ आहे. ऩ आणि ऴ मराठीला लागत नाहीत. ऱ मात्र लागतो. खोऱ्यात, दुसऱ्या, सुऱ्या या शब्दांतला अर्धा र त्याच क्रमांकाने लिहिला जातो. आमच्या तक्त्यात ऱ ला घर नाही. तो जसाच्या तसा ठेवला आहे, कारण त्याला र च्या घरातून पुढे नेले तर परत येताना तो र होता की ऱ होता हे ओळखता येत नाही. शिवाय हाच ऱ एका क्रमांकाने लिहिता येतो आणि र व नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही. दिसायला दोन्ही सारखे. स्विफ्ट त्यांना समान मानते. पायथन, दोन्ही आधी एका रूपात आणल्याशिवाय, मानत नाही.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत १९७०च्या दशकाच्या आरंभी घडवली. तिला अक्षर माहीत नाही. तिला बाइट माहीत आहेत. सीमध्ये हा प्रोग्रॅम लिहिताना तीन-तीन बाइट स्वतः जुळवून एक क्रमांक करावा लागतो आणि उलट जाताना तो पुन्हा तीनांत फोडावा लागतो. काम कष्टाचे आहे. पण पडद्यावरचा मजकूर स्मृतीत कसा पसरलेला असतो हे त्याइतके दुसऱ्या कशाने कळत नाही, म्हणून सीचे प्रकरण मी पुस्तिकेत सर्वांत लांब ठेवले आहे आणि ते वगळू नये असे माझे सांगणे आहे.

यूटीएफ-८ची रचना १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी केली. पुढे हेच दोघे रॉबर्ट ग्रीझमर यांच्यासोबत गो भाषेच्या निर्मात्यांत होते. ती २००९ मध्ये लोकांसमोर आली. त्यामुळे गोमध्ये बाइट आणि क्रमांक यांचा भेद फार नेटका आहे. मजकुराची लांबी मागितली तर बाइट मिळतात आणि त्यावरून लूप फिरवली तर क्रमांक मिळतात. एका बाबतीत मात्र गो आपल्याला अडवते. पायथनमध्ये कोळवण हे व्हेरिएबलचे नाव चालते. गोमध्ये चालत नाही. गोच्या नियमानुसार नावात फक्त अक्षरे आणि अंक असावेत, आणि युनिकोडच्या वर्गवारीत मात्रा हे अक्षर नाही. वण हे नाव गो स्वीकारते, कोळवण नाकारते. मराठीत मात्रेशिवाय लिहिता येणारे शब्द किती थोडे आहेत ते पाहता हा नियम बदलला पाहिजे असे मला वाटते. भाषा घडवणारे लोक अशा सूचना वाचतात, आणि त्या पाठवायला आपण संकोचू नये.

जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १९९५च्या. त्या वेळी जगातली सगळी अक्षरे सोळा बिटांत मावतील असा समज होता आणि त्यांची मोजणी त्या समजावर बसलेली आहे. देवनागरी त्या मर्यादेत आहे, म्हणून या दोन्ही भाषांत आपला प्रोग्रॅम सुरळीत चालतो. मजकुरात इमोजी आली की मोजणी बिघडते. रस्टबद्दल प्रस्तावनेत फार सांगत नाही. ती कडक आहे, चूक लवकर दाखवते, आणि मुलांना तिचा आधी राग येतो, मग विश्वास वाटू लागतो. हॅस्केलमध्ये लूप नाही. एका व्यंजनाचे काय करायचे ते सांगायचे आणि ते साऱ्या शब्दावर लावायचे. आमचा नियम तिथे सर्वांत थोड्या ओळींत बसतो आणि वाचायलाही बोलून सांगितलेल्या नियमाच्या सर्वांत जवळचा वाटतो.

दुसऱ्या प्रकरणात सतराऐवजी मुद्दाम तीन घरे घेतली आहेत, ज्यूलियस सीझरची म्हणून जी चाल सांगितली जाते ती. त्यामुळे बंद करणे आणि उघडणे या दोन वेगळ्या क्रिया होतात आणि एक नामी खड्डा समोर येतो. तीन घरांनी कोळवणचे घोगसद होते. उलट येताना घ वरून क मिळतो, स वरून व, द वरून ण. पण ग हे तक्त्यातले, शून्यापासून मोजल्यास, दुसरे घर. दोनातून तीन वजा केले की उणे एक येतात आणि त्यांना चौतीसाने भागून बाकी काढायची असते. पायथन आणि रुबी तेहेतीस सांगतात, म्हणजे ळ. सी, जावा, जावास्क्रिप्ट, गो आणि रस्ट या भाषांत बाकी उणे एकच राहते. तक्त्यात उणे एक नावाचे घर नाही. जावा प्रोग्रॅम थांबवून एरर देते. जावास्क्रिप्ट काही न बोलता ळ च्या जागी ‘अनडिफाइंड’ हा शब्द चिकटवून पुढे जाते. सी तक्त्याच्या बाहेरची स्मृती वाचू लागते, आणि तिथे काय असेल याची हमी कोणी देत नाही. हॅस्केलमध्ये दोन्ही प्रकारच्या बाकींसाठी दोन वेगळी फंक्शन आहेत. निवड आपण करायची. उपाय सगळीकडे एकच: वजाबाकीनंतर आधी चौतीस मिळवा आणि मग बाकी काढा.

जोडाक्षरे आली की स्विफ्ट आणि एलिक्सिरचीही परीक्षा होते. क्षेत्र या शब्दात मुलाला दोन अक्षरे दिसतात, युनिकोडला सात क्रमांक. एक अक्षर कुठे संपते याचे युनिकोडचे जुने नियम हलन्तापाशी अक्षर तोडत असत, म्हणून त्या नियमांनी क्षेत्रची चार अक्षरे होत. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या युनिकोड १५.१ मध्ये जोडाक्षर अखंड ठेवणारा नियम देवनागरीसाठी आला आणि उत्तर दोनावर आले. तुमच्या यंत्रावरची भाषेची आवृत्ती कोणते नियम पाळते त्यावर तुम्हाला दोन मिळतील की चार हे ठरेल. उत्तर वहीत आवृत्तीसकट लिहून ठेवा.

मात्राही सरकवल्या तर? हा प्रश्न विचारी मूल पहिल्याच दिवशी विचारते आणि तो रास्त आहे, कारण मात्रा उघड्या ठेवल्याने फार काही कळते. दहा स्वरांचे चक्र करून एक घर पुढे गेलो तर को चा कौ होतो. पण ळ, व, ण यांच्यातला अ तर लिहिलेलाच नाही. जो अ कागदावर नाही त्याचा आ करायचा म्हणजे मात्रा नव्याने घालावी लागते. कोळवणचे कौळावाणा होते आणि पाच क्रमांकांचे आठ होतात. हलन्त असेल तिथे अ नाही, म्हणून तिथे काही घालायचे नाही. रोमन लिपीतल्या सीझरमध्ये मजकुराची लांबी कधीच बदलत नाही, इथे बदलते. अक्षर जागच्या जागी बदलत जाणारा प्रोग्रॅम इथे मोडतो आणि नवा मजकूर वेगळा रचावा लागतो. मला विचाराल तर या पुस्तिकेतले सर्वांत चांगले प्रकरण हेच आहे.

आता सुरक्षिततेबद्दल, स्पष्ट शब्दांत. या लिपीत पासवर्ड, बँकेचा तपशील किंवा कोणाची खासगी गोष्ट ठेवू नका. तिच्या शक्य किल्ल्या तेहेतीसच आहेत आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलेले मूल दुपारभरात त्या सगळ्या तपासते. तेवढेही करावे लागत नाही. आमच्या नियमाने आहे चे आते होते, आणि चे आसि, नाही चे गाती. आ ने सुरू होणारा, एकारान्त, दोन अक्षरांचा शब्द दर वाक्याच्या शेवटी दिसू लागला की तो कोणता हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही, आणि तेवढ्या एका शब्दावरून सरकवण्याचा आकडा हाती येतो. फोनमधून पैसे पाठवताना जे कूटलेखन चालते ते अगदी वेगळ्या गणितावर उभे आहे. एईएस ही त्यातली प्रमुख पद्धत अमेरिकेत २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली गेली आणि तिच्या सर्वांत लहान किल्लीतही १२८ बिट असतात. ती स्वतः लिहून वापरायची नसते. अनेकांनी तपासलेल्या तयार सॉफ्टवेअर लायब्ररी त्यासाठी असतात.

मग हे शिकून उपयोग काय, असे पालक विचारतील. एक उपयोग आपल्या दाराशीच आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप झाला. त्या फाइलींत देवनागरी साठवलेली नसते. कृतिदेवमध्ये क च्या जागी रोमन डी असतो आणि फाँट त्याला क चे रूप देऊन दाखवतो. तो फाँट यंत्रावर नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचे गचपण उरते. म्हणजे ग्रामपंचायतींचे ठराव, संस्थांची इतिवृत्ते, दिवाळी अंकांच्या फाइली, लेखकांची हस्तलिखिते आज एका कूटलिपीत बंद आहेत आणि तिची किल्ली म्हणजे तो जुना फाँट. त्या फाइली युनिकोडमध्ये आणायला वर्णांचा तक्ता, मात्रांची जागा बदलण्याचा नियम आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते ती नंतर नेण्याची हुशारी लागते. या पुस्तिकेतले सराव नीट केलेल्या मुलाला ते सगळे जमेल. सकळ लिपीतल्या पोथ्यांना राजवाडे भेटेपर्यंत थांबावे लागले. या फाइलींना तेवढा वेळ नाही, कारण त्या ज्या डिस्कवर आहेत त्या बिघडत चालल्या आहेत.

पुस्तिका कशी वापरावी ते थोडक्यात सांगतो. आधी चौतीस घरांचा तक्ता स्वतःच्या हाताने कागदावर काढा आणि आपल्या गावाचे, आडनावाचे, नदीचे नाव हाताने बंद करून उघडून पाहा. मग पायथन घ्या. ते चालले की सी घ्या. बाकीच्या भाषांचा क्रम तुमच्या आवडीने ठरवा. दिलेला कोड उतरवून काढू नका. नियम वाचा, पुस्तक मिटा आणि लिहा. प्रत्येक भाषेत कोळवण, खोऱ्यात, क्षेत्र आणि सत्य हे चारही शब्द चालवून पाहा, आणि चारही जसेच्या तसे परत येईपर्यंत प्रोग्रॅम पुरा झाला असे समजू नका. शिक्षकांना एक विनंती आहे: मुलांना उत्तर पाच आले तर ते चूक म्हणू नका, पाच कशाचे ते विचारा. आणि ज्यांच्या घरी, कचेरीत किंवा शाळेच्या कपाटात जुन्या फाँटमधल्या मराठी फाइली पडून आहेत त्यांनी त्या या मुलांच्या हाती द्याव्यात.